आधी प्रश्न तपासा : इतिहासाचे शिक्षक एकत्र बसून पेपर तपासतात तेव्हा

नववी-दहावीला इतिहास शिकवणारे आम्ही सात जण एका शनिवारी दुपारी एका शाळेच्या ग्रंथालयात बसलो होतो. प्रत्येकाच्या हातात एकाच उत्तराची झेरॉक्स. मुलाचं नाव आणि शाळेचं नाव झाकलेलं. प्रश्न नेहमीच्या धाटणीचा: वर्तमानपत्रातली माहिती चिकित्सकपणे का घ्यावी लागते, ते सकारण स्पष्ट करा. गुण ४.

मुलाचं उत्तर असं होतं: ‘आमच्या गावच्या जत्रेची बातमी दोन पेपरात आली होती. एकात लिहिले होते पन्नास हजार लोक आले, दुसऱ्यात वीस हजार. मी जत्रेत होतो पण मला पण मोजता आले नाही. ज्याने पन्नास लिहिले त्याला देवस्थानच्या लोकांनी सांगितले असेल. म्हणून पेपर वाचताना कोणी सांगितले ते बघावे लागते.’

एवढंच. पाच वाक्यं, मध्ये थोडी खाडाखोड, अक्षर यथातथा.

आम्ही एकमेकांशी काही न बोलता चिठ्ठीवर गुण लिहिले आणि चिठ्ठ्या टेबलावर टाकल्या. उघडल्या तेव्हा निघाले: एक, दीड, दोन, दोन, तीन, चार, चार.

ज्या सरांनी एक दिला होता ते म्हणाले, “पुस्तकातला एकही मुद्दा नाही. बोर्डात याला कोण गुण देणार?” ज्या बाईंनी चार दिले होते त्या म्हणाल्या, “पुस्तकातला मुद्दा त्याला कळला आहे, म्हणून तर पुस्तकाची वाक्यं लागली नाहीत.” दोघांनाही शिकवण्याचा वीसेक वर्षांचा अनुभव. दोघंही पेपर मन लावून तपासणारे. तरी एकाच्या वर्गात हा मुलगा जवळपास नापास आणि दुसरीच्या वर्गात पैकीच्या पैकी.

शिक्षकांनी एकत्र बसून आपले प्रश्न, गृहपाठ, प्रकल्प आणि गुण देण्याच्या सवयी एकमेकांसमोर मांडायच्या, त्यांची चिरफाड करायची आणि त्या सुधारून परत न्यायच्या, या कामाबद्दल मला सांगायचं आहे. हे काम नेमकं कसं चालतं, ते का लागतं आणि इतिहासाला ते जरा जास्तच का लागतं, हे पालकांनाही कळायला हवं, कारण गुणपत्रिका शेवटी त्यांच्याच घरी जाते.

आमच्या सात चिठ्ठ्यांत जे दिसलं ते नवीन नाही. अमेरिकेत डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड इलियट यांनी १९१२-१३ मध्ये एकच उत्तरपत्रिका अनेक शाळांतल्या शिक्षकांना पाठवून पाहिली. इंग्रजीच्या एका पेपरला १४२ शिक्षकांनी ६४ पासून ९८ पर्यंत गुण दिले. लोक म्हणाले, भाषेचा विषय आहे, असं होणारच. म्हणून त्यांनी भूमितीचा पेपर पाठवला, तर तिथे फरक आणखी मोठा निघाला. कुणी आकृतीच्या नीटनेटकेपणाला गुण देत होतं, कुणी पायऱ्यांना, कुणी फक्त उत्तराला. तिसरा पेपर इतिहासाचा होता आणि तिथेही तीच गत.

पण इतिहासाच्या शिक्षकाने ध्यानात ठेवावा असा खरा प्रयोग इंग्लंडमधला आहे. तो करणारे सर फिलिप हार्टोग आपल्याला परके नाहीत. ढाका विद्यापीठाचे ते पहिले कुलगुरू. भारतातल्या शिक्षणाची पाहणी करणारी १९२९ ची हार्टोग समिती त्यांचीच, बी.एड.ला ‘गळती आणि स्थगन’ (मुलांनी मध्येच शाळा सोडणं आणि त्याच वर्गात अडकून राहणं) पाठ करताना त्यांचं नाव आपण सगळ्यांनी घोकलेलं असतं. याच हार्टोग यांनी इ. सी. ऱ्होड्स यांच्यासह परीक्षांचीच परीक्षा घेतली आणि १९३५ मध्ये निष्कर्ष छापले. त्यांनी शालान्त परीक्षेच्या इतिहासाच्या १५ उत्तरपत्रिका निवडल्या. मूळ परीक्षेत या पंधराही जणांना अगदी सारखेच, मधले गुण मिळालेले होते. या उत्तरपत्रिका अनुभवी परीक्षकांकडून पुन्हा तपासून घेतल्या. मग १२ ते १९ महिने जाऊ दिले आणि त्याच उत्तरपत्रिका त्याच परीक्षकांना पुन्हा दिल्या. या दुसऱ्या फेरीत १४ परीक्षक होते, म्हणजे १५ गुणिले १४, एकूण २१० निकाल. त्यांतल्या ९२ वेळा परीक्षकाने स्वतःचाच आधीचा निकाल बदलला. नापास, पास आणि विशेष पास या तीन कप्प्यांपैकी ज्या कप्प्यात आधी टाकलं होतं, त्यातून काढून वेगळ्या कप्प्यात टाकलं.

म्हणजे वाद फक्त सरांचा आणि बाईंचा नाही. सरांचा सरांशीच आहे. रात्री अकरा वाजता तपासलेल्या पेपरचा आणि सकाळी चहा घेऊन तपासलेल्या पेपरचा आहे. गठ्ठ्यातल्या पहिल्या दहांना लावलेल्या मापाचा आणि शेवटच्या दहांना लावलेल्या मापाचा आहे. एखादं फार चांगलं उत्तर वाचल्यावर लगेच पुढच्या मुलाचं बरं उत्तरही फिकं वाटतं. त्यात त्या मुलाचा काय दोष?

या सगळ्यावर बोर्डाकडे काही उत्तर नाही असं नाही. दहावीच्या तपासणीत परीक्षकावर नियामक असतो, त्याच्यावर मुख्य नियामक. तपासणी सुरू होण्याआधी बैठक होते, नमुना उत्तरं ठरतात, कुठे अर्धा गुण द्यायचा यावर चर्चा होते, आणि नियामक काही उत्तरपत्रिका पुन्हा पाहून परीक्षकाचा हात फार सैल आहे की फार आखडता हे तपासतो. ही पद्धत उपयोगाची आहे. पण तिच्यात एक मोठी उणीव आहे. बैठकीला बसेपर्यंत प्रश्न छापून झालेला असतो आणि लाखो मुलांनी तो सोडवलेला असतो. प्रश्नच मोघम असेल तर तिथे फक्त मोघमपणा सारखा वाटून घेता येतो.

शाळेच्या हातात जे गुण आहेत त्यांची अवस्था आणखी बिकट आहे. २०१८-१९ या वर्षी दहावीला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे २० अंतर्गत गुण काढून टाकले आणि पूर्ण शंभराची लेखी परीक्षा घेतली. अभ्यासक्रमही त्याच वर्षी नवा होता. निकाल २०१८ च्या ८९.४१ टक्क्यांवरून २०१९ मध्ये ७७.१० टक्क्यांवर आला. ओरड झाली आणि पुढच्या वर्षापासून ८० अधिक २० ही विभागणी परत आली. मग २०२१ मध्ये कोविडमुळे परीक्षाच झाली नाही. नववीचा निकाल आणि दहावीचं शाळेतलं मूल्यमापन यांवर गुण ठरले आणि निकाल ९९.९५ टक्के लागला. त्या वर्षी शाळांनी काय दिव्यातून निकाल तयार केले हे मी पाहिलं आहे, त्यामुळे कुणालाही दूषण द्यायचं माझ्या मनात नाही. पण अंतर्गत गुण म्हणजे ‘देऊन टाकायचे’ गुण अशी जी समजूत आपण सगळ्यांनी मिळून रुजवली आहे, तिने इतिहासाचं फार नुकसान केलं आहे. कारण इतिहास शिकवण्यातलं सगळ्यात मोलाचं काम, म्हणजे पुरावा हातात घेऊन त्याला प्रश्न विचारणं, हे दोन तासांच्या पेपरपेक्षा त्या वीस गुणांतच जास्त चांगलं होऊ शकतं.

आता आमच्या ग्रंथालयातल्या टेबलाकडे परत येतो.

चिठ्ठ्या उघडल्यावर पहिला नियम असा की कुणी कुणाला ‘तुमचं चुकलं’ म्हणायचं नाही. प्रत्येकाने फक्त एक सांगायचं: हा गुण मी उत्तरातल्या कोणत्या शब्दांसाठी दिला किंवा कापला? बोट ठेवून दाखवायचं. दीड देणाऱ्या सरांनी बोट ठेवलं ‘सांगितले असेल’ या शब्दांवर. ते म्हणाले, हा अंदाज आहे, पुरावा नाही. तीन देणाऱ्या मॅडमनी त्याच शब्दांवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, इथेच तर मूल बातमीच्या मागे जाऊन बातमी देणाऱ्याकडे बघतंय. दोन देणाऱ्या एका सरांनी मोकळेपणाने कबूल केलं की अक्षर आणि खाडाखोड बघून त्यांचा हात आखडला. हे असं मोठ्याने कबूल करणं सोपं नसतं. पण ते झाल्यावर टेबलाभोवतीची हवा बदलते.

मग आम्ही फळ्यावर लिहायला घेतलं की या प्रश्नात चार गुणांचं उत्तर म्हणजे काय. याला कुणी रुब्रिक म्हणतं, कुणी गुणदानाचे निकष. काम एकच: एक गुण कशाला, दोन कशाला, हे आधी आणि शब्दांत ठरवणं. आमच्या फळ्यावर शेवटी उरलं ते असं. प्रश्नातलंच विधान फिरवून लिहिलं तर एक. बातमी चुकीची किंवा एकांगी असण्याचं एखादं कारण दिलं, पण उदाहरण नाही, तर दोन. कारण आणि त्याला लागू पडणारं उदाहरण, मग ते पुस्तकातलं असो वा गावातलं, तर तीन. आणि या सगळ्याबरोबर ‘मग खरं काय ते पडताळायचं कसं’ हेही सांगितलं, तर चार. शुद्धलेखन आणि अक्षर यांचा या चार गुणांशी संबंध नाही. त्यासाठी शेरा लिहायचा, गुण कापायचे नाहीत.

पुन्हा चिठ्ठ्या टाकल्या. पाच जणांचे तीन, दोघांचे अडीच. चार देणाऱ्या बाईही तीनवर आल्या, कारण आकडा पडताळायचा कसा हे त्या मुलाने खरोखरच लिहिलं नव्हतं. एक देणारे सरही तीनवर आले. दुपारचे दोन तास आणि एक उत्तर! ‘असं करायला लागलो तर गठ्ठा संपणार कधी?’ हा प्रश्न लगेच आला आणि तो रास्त आहे. उत्तर असं की प्रत्येक पेपर असा तपासायचा नसतो. असे चार-पाच नमुने एकदा ठरवले की ते समोर ठेवून बाकीचा गठ्ठा प्रत्येकाने आपापला तपासायचा. वाण्याच्या दुकानात वजनं असतात तसे हे नमुने. एक किलोचं वजन रोज नव्याने घडवावं लागत नाही.

पण त्या दुपारची खरी कमाई वेगळीच होती. निकष लिहून झाल्यावर एका मॅडमनी शांतपणे विचारलं, “आपण उदाहरणाला गुण ठेवला. पण प्रश्नात उदाहरण मागितलंय कुठे?” मागितलं नव्हतं. पडताळणीबद्दल तर प्रश्नात अवाक्षर नव्हतं. ज्या मुलांनी उदाहरण दिलं नाही ती आळशी नव्हती; आम्ही सांगितलंच नव्हतं. म्हणजे सात जणांचे सात गुण येण्याचं मूळ मुलाच्या उत्तरात नव्हतं. ते आमच्या प्रश्नात होतं.

माझ्या अनुभवात दर वेळी असंच होतं. आम्ही उत्तरं तपासायला बसतो आणि शेवटी दुरुस्त होतो तो प्रश्न. तो प्रश्न पुढच्या सहामाहीला असा झाला: ‘एकाच घटनेच्या दोन बातम्यांत फरक आढळला, तर तो का पडला असेल आणि खरी माहिती शोधायला तुम्ही काय कराल, ते तुमच्या माहितीतलं एक उदाहरण देऊन लिहा.’ लांब झाला, पण मुलाला काय करायचं ते कळतं.

इतिहासाला हे जास्त का लागतं, याचं कारण पाठ्यपुस्तकातच आहे. दहावीचं २०१८ पासूनचं पुस्तक सुरूच होतं इतिहासलेखनाच्या परंपरेपासून. पहिला धडा पाश्चात्त्य परंपरेचा, दुसरा भारतीय परंपरेचा, तिसरा उपयोजित इतिहासाचा. पुढे प्रसारमाध्यमं, खेळ, पर्यटन, ऐतिहासिक ठेव्यांचं जतन. सनावळ्या मागे सारून ‘इतिहास कसा लिहिला जातो’ हे समोर आणणारं पुस्तक आहे ते, आणि मला ते मनापासून आवडतं. पण आपले प्रश्न अजून जुन्याच वळणावर आहेत. जर्मन इतिहासकार रांके मूळ कागदपत्रांच्या कठोर चिकित्सेबद्दल सांगतो, हे पुस्तकात येतं. आपण विचारतो, रिकामी जागा भरा. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी गावोगाव फिरून दप्तरं धुंडाळली, ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड काढले, १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं केलं, आपण विचारतो, मंडळाची स्थापना कोणी केली. अस्सल कागदाचा ध्यास घेतलेल्या माणसाचं नाव पाठ करून मूल एक गुण मिळवतं आणि त्याच्या हाताला एकही अस्सल कागद लागत नाही.

बी.एड.ला आपण संविधान तक्ता, म्हणजे प्रश्नपत्रिकेचा आराखडा, करायला शिकलो. ज्ञानाला इतके गुण, आकलनाला इतके, उपयोजनाला इतके. तक्ता सुबक होतो, पण उपयोजनाच्या रकान्यात टाकलेला प्रश्न खरंच उपयोजनाचा आहे का, हे एकट्याला दिसत नाही. आपण तो धडा शिकवलेला असतो, उत्तर आपल्या डोक्यात तयार असतं, त्यामुळे प्रश्नातल्या खाचा आपल्याला जाणवत नाहीत. दुसऱ्या शाळेतल्या शिक्षकाने तो थंड डोक्याने वाचला की लगेच जाणवतात.

एक उदाहरण तपशिलात सांगतो, कारण त्यावर आमचे दोन शनिवार गेले.

आमच्यातल्या एका सरांनी प्रश्न आणला होता: ‘शिवराज्याभिषेक – टीप लिहा.’ उत्तरं सगळी सारखी. वर्गात सांगितलेले मुद्दे, त्याच क्रमाने. त्यांना काहीतरी वेगळं करायचं होतं. त्यांनी आधी दोन मिनिटं सांगितलं की वर्ग कसा आहे, त्यांना मुलांकडून काय हवं आहे. मग ते गप्प बसले. हा आमचा दुसरा नियम: ज्याचा प्रश्न, त्याने पंधरा मिनिटं तोंड उघडायचं नाही, फक्त लिहून घ्यायचं. बाकीचे आपसात बोलतात. आधी या प्रश्नात काय चांगलं आहे ते, मग मूल कुठे अडेल ते. मालकाला बोलू दिलं की तो प्रश्नाचं समर्थन करत बसतो आणि वेळ त्यातच जातो. मुलाला परीक्षेत शिक्षक शेजारी बसून समजावणार नसतो. तसाच तो इथेही गप्प.

अमेरिकेत महाविद्यालयांतले प्राध्यापक आपले गृहपाठ अशा छोट्या गटांत मांडतात, त्या बैठकीला शारेट म्हणतात. शब्द फ्रेंच, अर्थ हातगाडी. पॅरिसच्या कलाशाळेत मुदत संपली की विद्यार्थ्यांची चित्रं गोळा करायला हातगाडी फिरायची आणि शेवटच्या क्षणापर्यंत हात मारणं चालायचं. अर्धवट, कच्चं काम घेऊनच यायचं असतं, हा त्या शब्दातला अर्थ मला फार आवडतो. आपल्याकडे शिक्षक दुसऱ्याला दाखवायला आपला सगळ्यात चांगला, घोटलेला पाठ आणतो. इथे फसलेला प्रश्न आणायचा.

तर त्या चर्चेतून नवा प्रश्न असा निघाला. चित्रकार म. वि. धुरंधर यांनी रंगवलेला राज्याभिषेकाचा प्रसंग मुलांसमोर ठेवायचा. खाली लिहायचं: राज्याभिषेक ६ जून १६७४, रायगड. चित्रकाराचा काळ १८६७ ते १९४४. सोबत इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन याच्या वृत्तांताचा दोन-चार ओळींचा सारांश. ऑक्झेंडन त्या दिवशी दरबारात हजर होता. सिंहासनाच्या दोन्ही बाजूंना सोनेरी भाल्यांवर लावलेली चिन्हं त्याने टिपली. त्यात एका भाल्यावर न्यायाचं प्रतीक म्हणून सोन्याचा तराजू होता. एवढ्या उंच गडावर हत्ती चढवले कसे, याचं त्याला नवल वाटलं. प्रश्न: दरबार कसा होता हे समजायला या दोहोंपैकी जास्त भरवशाचं साधन कोणतं आणि का?

अशा प्रकारचा प्रश्न आमच्या आधी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या इतिहास शिक्षणाच्या गटाने केला आहे. १६२१ मधल्या तिथल्या पहिल्या ‘थँक्सगिव्हिंग’ (कृतज्ञतेच्या सणाच्या) जेवणाचं, जवळपास तीनशे वर्षांनी काढलेलं चित्र मुलांना दाखवतात आणि विचारतात, हे चित्र १६२१ बद्दल जाणून घ्यायला कितपत उपयोगी? बरीच मुलं चित्रातले कपडे आणि ताटं यांचं वर्णन करत बसतात आणि खालच्या तारखेकडे पाहतच नाहीत. तारीख पाहणं, हीच तिथे इतिहासाची पहिली पायरी.

आमच्या टेबलावर पहिली हरकत वेगळी आली. एक बाई म्हणाल्या, “मुलांना वाटेल राज्याभिषेकच खरा होता का, असं आपण विचारतोय.” अगदी बरोबर. म्हणून प्रश्नाच्या वर एक ओळ घातली: राज्याभिषेक झाला याविषयी हा प्रश्न नाही, तो कसा दिसत होता हे आपल्याला कशावरून कळतं, याविषयी आहे. एका ओळीने मुलांची भीती गेली आणि शिक्षकांचीही.

मग आठवीतल्या आणि दहावीतल्या काही मुलांकडून तो सोडवून घेतला आणि पुढच्या शनिवारी उत्तरं टेबलावर आली. एकाने लिहिलं, ‘चित्र जास्त भरवशाचे कारण त्यात सगळे स्पष्ट दिसते.’ हे अपेक्षित होतं. पण बऱ्याच हुशार मुलांनी लिहिलं, ‘चित्रकार नंतर जन्मला म्हणून चित्र खोटे आहे, काही उपयोग नाही.’ याला किती गुण? इथे पुन्हा आमच्या चिठ्ठ्या फुटल्या. चित्रकाराचा जन्म घटनेनंतर १९३ वर्षांनी झाला हे मुलाने पकडलं, म्हणजे अर्धं काम झालं. पण उशिराचं साधन म्हणजे खोटं, हा निष्कर्ष इतिहासात चालत नाही. धुरंधरांचं चित्र १६७४ चा दरबार जसाच्या तसा दाखवत नसेल, पण धुरंधरांच्या काळातला मराठी माणूस शिवाजी महाराजांकडे कसा पाहत होता, याचं ते पहिल्या हातचं साधन आहे. आणि ऑक्झेंडन डोळ्यांनी पाहणारा असला तरी तो कंपनीचा माणूस, तहाच्या कामासाठी आलेला, इथली भाषा आणि विधी परके असलेला. हजर असणं म्हणजे सगळं समजणं नव्हे.

हे बोलणं झालं तेव्हा आमच्याही लक्षात आलं की आमच्या प्रश्नात ‘जास्त भरवशाचं कोणतं’ असं विचारून आम्हीच मुलांना एकाला खरं आणि दुसऱ्याला खोटं ठरवायला लावलं होतं. तिसऱ्या खेपेला प्रश्नाचे दोन भाग झाले: हे चित्र कोणत्या गोष्टीचा पुरावा म्हणून वापरता येईल आणि कोणत्या गोष्टीचा नाही? ऑक्झेंडनच्या वृत्तांताबद्दलही तेच सांगा. आता ‘खोटे आहे’ एवढं लिहून कुणाला सुटता येत नाही.

गुण देण्याची आणखी एक रीत आहे, ती निबंधासारख्या लांब उत्तरांना बरी पडते. माणसाला ‘हे उत्तर दहापैकी किती’ हे सांगणं अवघड जातं, पण ‘या दोन उत्तरांत चांगलं कोणतं’ हे तो चटकन सांगतो. मानसशास्त्रज्ञ लुई थर्स्टन यांनी १९२७ मध्ये हा नियम मांडला. अनेक शिक्षकांनी जोड्या-जोड्यांनी तुलना केली की सगळ्या उत्तरांची वरपासून खालपर्यंत एक ओळ लागते. आता त्याला संगणकाची जोड मिळाली आहे. आम्ही हे साध्या कागदांवर एकदा करून पाहिलं. ओळ लावणं जमलं, पण मुलाला ‘तुझं उत्तर अकराव्या क्रमांकावर’ असं सांगून त्याला काही शिकता येत नाही. त्यामुळे आमचा ओढा निकषांकडेच आहे.

अडचणी आहेत, त्या लपवण्यात अर्थ नाही. पहिली वेळेची. निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं, माहिती भरण्याचे तक्ते यांतून शनिवार मोकळा मिळणं कठीण. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० शिक्षकाच्या व्यावसायिक विकासासाठी वर्षाला किमान ५० तास सांगतं. त्यातले दहा तास जरी भाषण ऐकण्याऐवजी असे टेबलाभोवती दिले, तर मला आनंद होईल. आसपासच्या शाळा मिळून जे केंद्र होतं, त्याच्या शिक्षण परिषदेतही एक तास यासाठी काढता येतो.

दुसरी अडचण मानाची. ज्येष्ठ सरांसमोर नवी बाई ‘तुमचा प्रश्न मोघम आहे’ कसं म्हणणार? यावर आमचा तोडगा म्हणजे पहिला फसलेला प्रश्न नेहमी सगळ्यात ज्येष्ठ माणसाने आणायचा. आणि चिठ्ठ्यांवर नाव नसतं. तिसरी अडचण वरिष्ठांची. हे कागद कुणी तपासायला मागितले, कुणाचा हात सैल आणि कुणाचा आखडता याची यादी केली, की दुसऱ्या दिवसापासून सगळे एकमेकांना विचारून सारखेच गुण लिहू लागतील. त्या दिवशी हे काम संपलं असं समजावं. चिठ्ठ्या आम्ही तिथेच फाडतो. ठेवतो ते फक्त नमुने आणि प्रश्न.

सुरुवात करायची असेल तर सात जण लागत नाहीत. तिघं पुरतात. शेजारच्या दोन शाळांतले दोघं आणि आपण. एक प्रश्न, नावं झाकलेली चार-पाच उत्तरं, दीड तास.

गेल्या वर्षी आमच्यात नव्याने आलेल्या एका मॅडमनी त्यांचा अंतर्गत गुणांचा प्रकल्प आणला: ‘कोणत्याही एका किल्ल्याची माहिती गोळा करा.’ दरवर्षी इंटरनेटवरून उतरवलेली, झेरॉक्सच्या दुकानात बांधून घेतलेली तीच पानं त्यांच्याकडे येत होती. त्या बोलून गप्प बसल्या. पहिला प्रश्न विचारला तो त्या पहिल्या शनिवारी एक गुण देणाऱ्या सरांनी: “यात मुलाने स्वतः काय शोधायचं आहे?” तासाभरात प्रकल्प बदलला. घरातला किमान तीस वर्षांपूर्वीचा एक कागद आणायचा. पावती, पत्र, लग्नपत्रिका, सातबारा, काहीही. तो कुणी, कधी, कशासाठी केला ते लिहायचं. त्यातून काय कळतं आणि काय कळत नाही ते लिहायचं. आणि जे कळत नाही त्यातली एक गोष्ट घरातल्या मोठ्या माणसाला विचारून यायची.

दोन महिन्यांनी मॅडम पिशवीभर कागदांच्या झेरॉक्स घेऊन आल्या. एका मुलीने आजीची लग्नपत्रिका आणली होती. तिने लिहिलं होतं: ‘पत्रिकेत आजीच्या वडिलांचे, काकांचे, मामांचे नाव आहे. आजीच्या आईचे नाव कुठेच नाही. मी आजीला विचारले तर ती म्हणाली, तेव्हा घालत नसत. मी आजीच्या आईचे नाव विचारले. मला ते आधी माहीत नव्हते.’ त्याखाली तिने पणजीचं नाव लिहून अधोरेखित केलं होतं.

चिठ्ठ्या पडल्या. ते उत्तर आम्ही तीन गुणांचा नमुना म्हणून ठेवलं आहे. एक देणारे सर मात्र त्याला चार मिळायला हवेत म्हणून अजून भांडतात, आणि पुढच्या शनिवारी तो कागद पुन्हा टेबलावर येणार आहे.